न बिघडलेले दिवे

आरमोरीत आमच्या घराचा पत्ता कोणी विचारला, तर लोक ‘नाववाल्याचं घर’ एवढंच सांगत. बौद्ध मोहल्ल्याच्या शेवटी, राइसमिलच्या भिंतीला लागून आमचं कवेलूच्या छपराचं घर होतं आणि त्याच्यापेक्षा मोठं अंगण. त्या अंगणात जाड ठोकळ्यांवर बाबांची नाव उभी होती. शिडाची नाव, बावीस फूट लांब, सगळी आलापल्लीच्या सागवानाची. नदी तिथून चांगली कोसभर दूर. फाटकातून पहिल्यांदा आत आलेला माणूस आधी नावेकडे बघायचा, मग बाबांकडे, आणि मग ज्या कामासाठी आला ते सांगायला लागायचा. नावेबद्दल विचारायची हिंमत लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत व्हायची.

बाबा नौदलात इलेक्ट्रिशियन होते. आमच्या मोहल्ल्यातून मास्तरकीत, पोलिसात, रेल्वेत माणसं गेली होती, पण समुद्रावर गेलेले तेच पहिले. पंधरा वर्षं जहाजांच्या पोटात वायरी ओढून ते परत आले तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढच्या खोलीत त्यांनी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. धानाच्या बांध्यांना पाणी देणारे पंप जळले की लोक बैलगाडीत घालून आणत. वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची वेटोळी आणि शेजारच्या राइसमिलचा दिवसभराचा धडधडाट, यात मी वाढले. मिल बंद पडली की आमच्या घरात सगळे एकदम हळू बोलायला लागत, कारण एरवी ओरडून बोलायची सवय झालेली असे. हिवाळ्यात आई लाखोरीच्या डाळीचे वडे तळायची, सोबत सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेली हिरव्या मिरचीची चटणी. बाबा तारेचे हात कापडाला पुसून चुलीजवळ येऊन बसत आणि पहिला वडा फुंकर न घालताच खात. जहाजावर सगळं गारढोण मिळायचं, म्हणून गरम खाण्याची हौस फेडून घेतो, असं म्हणायचे.

नाव कशाला, असं कोणी विचारलं की ते जमिनीवर काडीने रेघ ओढत. ही आपली वैनगंगा. खाली वर्धा येऊन मिळते, मग तिचं नाव प्राणहिता. सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. गोदावरी राजमुंद्रीच्या पुढे समुद्रात. म्हणजे आपण समुद्राच्या काठावरच राहतो, फक्त काठ जरा लांब आहे. वाटेतल्या जुन्या बंधाऱ्याजवळ नाव उचलून पलीकडे कशी घालायची, हेही त्यांनी काढून ठेवलं होतं. ऐकणारा मान डोलवायचा. आई तिथे असेल तर उठून आत जायची. ती अंगणवाडीत सेविका होती, दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळून येऊन पुन्हा या मोठ्या लेकराचं ऐकायचं तिला होत नसे. तरी शीड तिनेच शिवलं. जाड मांजरपाटाच्या पट्ट्या मशीनवर जोडताना तिच्या दोन सुया मोडल्या, तिने तिसरी लावली.

त्या प्रवासाला मी जाणार होते. हे बाबांनी कधी ठरवलं ते मला आठवत नाही, पण बारावीच्या वर्षापर्यंत ते ठरून गेलेलं होतं. माझी बोटं बारीक, हात स्थिर. मोटारीच्या खाचेत तार बसवायची ती मीच बसवायची. बाबा गिऱ्हाइकाला सांगत, सुजाताचं काम माझ्याहून साफ आहे. आईचं म्हणणं वेगळं होतं. मी डीएड करावं, मास्तरीण व्हावं, वडसा नाही तर ब्रह्मपुरीला नोकरी धरावी. तिचं चुकत नव्हतं. पण सतराव्या वर्षी एका बाजूला डीएडचा अर्ज आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, यात मी काय निवडणार. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे मी केलं ते बाबांच्या मायेपोटी केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे.

नाव पूर्ण व्हायला आली त्या उन्हाळ्यात फक्त पॅनेलचं काम राहिलं होतं. नौदलातल्या एका जुन्या दोस्ताने मुंबईच्या भंगारातून एका मोडीत निघालेल्या लाँचचं पॅनेल मिळवून पाठवलं होतं. पितळी पत्र्यावर एका ओळीत पाच गोल घड्याळं : तेलाचा दाब, पाण्याची गर्मी, इंजिनचे फेरे, व्होल्ट आणि सर्वांत उजवीकडे अँपिअर. वर मधोमध कंपास. वारा नसेल तेव्हासाठी बाबांनी नावेत पाणी ओढायच्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलं होतं आणि त्यावर नजर ठेवायला ही घड्याळं लागणार होती. प्रत्येकाच्या मागे हरभऱ्याएवढा बल्ब, त्याला लाल टोपी. बाबांचा लाल रंगावर फार कटाक्ष. पांढरा उजेड डोळ्यांत भरला की बाहेरचा अंधार दिसेनासा होतो, लाल उजेडात डोळा अंधाराला सरावलेला राहतो, म्हणून जहाजावर रात्री सगळं लालच असतं, हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. पांढऱ्या दिव्याचं पॅनेल लावणारा माणूस खलाशी नव्हे, असं ते म्हणत.

बॅटरी जोडली तेव्हा पाचातला एकच दिवा लागला, तोही काजव्यासारखा. आम्ही पॅनेल उतरवून खाली चटईवर पालथं घातलं. खाऱ्या हवेने होल्डरवर हिरवा गंज धरला होता, वायरींचं रबर हात लावला की भुगा होऊन पडत होतं. मी एकेक होल्डर पॉलिश पेपरने घासला, सगळी वायर नवीन ओढली, अर्थिंगची एक वेगळी जाड तार थेट बॅटरीपर्यंत नेली. पाच दिवे लख्ख लागले. दिवसा तपासायचं तर केबिनमध्ये अंधार हवा, म्हणून आम्ही वरून ताडपत्री आणि त्यावर घोंगडी टाकली. वैशाखातली दुपार, आत सागवानाचं तेल आणि घामाचा वास, आणि समोर पाच लाल चंद्र. मला ते फार सुंदर वाटलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, उजेड कमी आहे.

तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. कामात खुसपट काढणं हा त्यांचा स्वभावच होता. बसस्टँडजवळ जब्बारभाईंचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, ट्रक आणि जीपच्या वायरिंगचं. तिथून मी जास्त वॅटचे बल्ब आणले. बाबा म्हणाले, कमीच आहे. मग जब्बारभाईंनी नागपूरहून लाल एलईडी आणून दिले. आमच्याकडे ती तेव्हा नवलाईची चीज होती. तीन-तीन एका ओळीत जोडून, प्रत्येक ओळीला एक रेझिस्टन्स लावून मी प्रत्येक घड्याळाच्या कडेने ते बसवले. आकडा न् आकडा वाचता येत होता. बाबांनी घोंगडीखाली बसून पाहिलं आणि म्हणाले की या नव्या चिजांत दम नाही. आणि मग, मान खाली घालून, स्वतःशीच बोलल्यासारखं, लाल टोप्या काढून टाक आणि साधे पांढरे बल्ब लाव, गाडीच्या ब्रेकचे असतात तेवढे मोठे.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पांढरे? ते नजर चुकवून उठले आणि बाहेर जाताना दाराच्या चौकटीवर त्यांचा उजवा खांदा आपटला. ती चौकट त्यांनी स्वतः बसवलेली होती.

त्यानंतर मला एकेक गोष्ट दिसायला लागली. ताटाच्या उजव्या बाजूला ठेवलेली चटणी ते खात नसत, आणि आईला विचारत की आज चटणी केली नाही का. आई चिडायची, ध्यान कुठे असतं तुमचं म्हणून. चहाचा कप ठेवताना फळीच्या कडेवर ठेवत आणि तो पडे. रिवाइंडिंगचं काम मात्र पहिल्यासारखंच साफ, कारण ते बोटांनीच होत असे. त्यामुळे दुकानात कोणाला काही कळलं नाही. मलाही ज्या दिवशी नक्की कळलं तो दिवस मृगाच्या आधीचा, आभाळ भरून आलेला. मी पांढरे बल्ब लावले होते. घोंगडीखाली केबिन दिवाळीसारखी उजळली होती. बाबा समोर बसले, डावीकडून एकेक घड्याळ बोटाने दाखवत गेले आणि चारवर थांबले.

“अँपिअरचा लागून नाई राह्यला,” ते म्हणाले.

तो लागला होता. माझ्या डोळ्यांसमोर, बाकी चारांइतकाच. मी त्या दिव्याकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या वेळी मी एक वाक्य बोलायचं होतं. ते मला येत होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. नाव, नदी, राजमुंद्री, डीएडचा अर्ज, आईचा चेहरा, सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं.

“वायर ढिली हाय वाट्टे, बाबा,” मी म्हणाले. “थांबा, पाह्यतो.”

मी पॅनेलच्या मागे हात घातला आणि कशालाही हात न लावता बोटं हलवली. मी काय करते ते बघायला बाबांनी मान वळवून तोंड सरळ अँपिअरमीटरसमोर आणलं. समोरचं त्यांना दिसत होतं. “आता लागला,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी आजही विसरू शकत नाही. ते माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले की तुझा हात लागला की काम होतंच.

तिथून पुढे आम्ही न बिघडलेले दिवे दुरुस्त करत राहिलो. आषाढ, श्रावण, भादवा. दर आठ-पंधरा दिवसांनी ते म्हणत की व्होल्टचा मंद झाला, अँपिअरचा गेला. मी बल्ब बदलायची, होल्डर घासायची, नवीन सोल्डर टाकायची. खरोखरच करायची ते, नुसतं सोंग नाही, कारण हाताला काम असलं की डोक्यात ते वाक्य फिरत नसे. काढलेले बल्ब मी जब्बारभाईंकडे परत न्यायची. तिसऱ्या का चौथ्या वेळी त्यांनी ते बल्ब एकेक करून दुकानातल्या बॅटरीला लावून पाहिले. सगळे लागले. त्यांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं.

“बेटा, बल्बले काई झालं नाई,” ते म्हणाले. “भाऊच्या आँख दाखव कोनाले. माह्या अब्बाचंबी असंच सुरू झालं होतं.”

मी त्यांना म्हणाले की आमच्या आईला सांगू नका. एका ट्रकवाल्याने हाक मारली, ते तिकडे गेले, परत आले. मग म्हणाले की घरची बात आहे, मी नाही बोलणार, पण तू बोल. मी हो म्हणाले. एकदा नाव पाण्यात पडू दे, मग बोलीन, असं मी मनाशी ठरवलं होतं. प्रवासात डोळे मी होईन, हात ते होतील. सतरा वर्षांच्या पोरीला असली वाक्यं फार लवकर सुचतात.

अश्विनात नदी निवळली तेव्हा बाबांनी चाचणीचा दिवस धरला. राइसमिलच्या ट्रॅक्टरने ट्रॉलीवर नाव घाटावर नेली. मागून अर्धा मोहल्ला आणि शाळा बुडवून आलेली पोरं. आईने सकाळी बुद्धवंदना घेतली आणि नावेच्या नाकाला हळद-कुंकू न लावता पांढऱ्या फुलांचा हार घातला. सोमाभाऊ ढीवर बरोबर होते, त्या घाटावरचे सर्वांत जाणते मासेमार, बाबांचे शाळेतले सोबती. नाव पाण्यात गेली आणि तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिडात वारा भरला तेव्हा मांजरपाटाचा जो आवाज झाला, तो ऐकून आईने तोंडाला पदर लावला. ती हसत होती. तिला मी त्याआधी आणि त्यानंतर तसं हसताना पाहिलं नाही. बाबांचा हात सुकाणूवर होता आणि ते नुसते सरळ बघत होते, समोर, खाली, जिकडे नदी वळते तिकडे. मी पॅनेलजवळ होते. इंजिन बंद होतं, बघायला काही नव्हतं, तरी मी घड्याळांकडेच बघत होते.

डोमाजीबुवा सोमाभाऊंचे वडील. पंचाहत्तरीचे, तरी रोज डोंगा वल्हवत जाळं टाकायला जात. त्यांचा डोंगा उजवीकडच्या बेटामागून निघाला. त्यांनी शिडाची नाव पाहिली होती, पण नाववाल्यानेही आपल्याला पाहिलं असेल असं त्यांनी धरलं. उघड्या दुपारी, मोकळ्या पाण्यावर, कोणीही तसंच धरलं असतं. सोमाभाऊ पुढे दोर सोडत होते, त्यांची पाठ तिकडे होती. मी मान वर केली तेव्हा डोंगा वीस-पंचवीस हातांवर होता. मी ओरडले. बाबांनी आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं, माझ्याकडे, पाण्याकडे नाही.

आमच्या नावेला ओरखडाही आला नाही, सागवान ते. डोंगा उलटा झाला. सोमाभाऊंनी उडी घेतली आणि वडिलांना केसांना धरून वर काढलं. डोमाजीबुवा जगले. पण त्यांचा उजवा हात कोपरापासून असा मोडला होता की तो पुन्हा सरळ झाला नाही, आणि जाळं टाकायला उजवा हात लागतो. पुढची सहा वर्षं ते घाटावर नुसते बसून असत. मी कुठेही जायला निघाले की घाटाचा रस्ता टाळून लांबून जायची.

त्या दुपारी वाळूवर बाबा गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ओल्या कपड्यांनी सोमाभाऊ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढं मोठं माणूस, एवढा मोठा डोंगा, अन् दिसलं नाही का भाऊ, इतकंच विचारलं. बाबांनी वर बघितलं.

“नाई दिसलं, सोमा,” ते म्हणाले. “खरंच नाई दिसलं.”

आई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा वाचला. तिने मला काही विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही. कधीकधी वाटतं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांना एका पेटीत डोकं घालून बसवलं. आत कुठे ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाबा फार मन लावून बघत होते आणि फार कमी वेळा बटण दाबत होते. नंतर डॉक्टरांनी आम्हाला कागद दाखवला, त्यावर जिथे दिसत नाही तिथे काळं होतं. उजवा डोळा जवळजवळ सगळा काळा, डाव्यात मधोमध मुठीएवढी पांढरी जागा. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून दिला असता, ही नस सुकते आणि सुकलेली नस परत येत नाही, असं ते म्हणाले. थेंब देतो, पण जे उरलंय ते फार दिवस टिकेल असं वाटत नाही. आईने विचारलं की आधी आलो असतो तर? डॉक्टर भले होते, त्यांनी आधी कागदाची घडी घातली. मग म्हणाले की उन्हाळ्यात आला असता तर बरंचसं राखता आलं असतं.

उन्हाळ्यात मी पांढरे बल्ब लावत होते.

आता मी स्वतः रोज दोन्ही डोळ्यांत थेंब घालते. हा आजार घराण्यात उतरतो, हे मला माहीत होतं म्हणून चाळिशीतच तपासून घेतलं, आणि वेळेवर कळलं म्हणून हे लिहिताना मला कागदाच्या चारही कडा दिसतात. डॉक्टर म्हणतात, तुम्ही नशीबवान. मी मान हलवते. ज्यांच्या डोळ्यांनी मला हे शिकवलं, त्यांच्या वाट्याला माझी ही अक्कल आली नाही.

बाबांची नजर पुढच्या दोन वर्षांत गेली. पहिल्या हिवाळ्यात, थोडं दिसत होतं तेव्हाच, त्यांनी नाव उकलायला काढली. कोणाला हात लावू दिला नाही. एकेक स्क्रू बोटाने शोधून, चाचपून, पाच महिने ते काम करत होते. फळ्या सोमाभाऊंच्या घरी पाठवल्या, नवा डोंगा करायला. सोमाभाऊंनी डोंगा केला नाही. त्या लाकडाची त्यांनी घराला दारं केली आणि बाबांना सांगायला आले की दारं छान झाली. पॅनेल मी जब्बारभाईंना देऊन टाकलं. त्यांनी ते घेतलं आणि कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलं, कधी कोणाला विकलं नाही. मी डीएड केलं नाही. वायरमनचा कोर्स केला, गडचिरोलीला आयटीआयमध्ये शिकवायला लागले, निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. समुद्र मी पुढे सहलीतून एकदा पाहिला. बसमधून उतरून बायका पाण्याकडे पळाल्या, मी बसपाशीच थांबले.

बाबा मला विचारतील याची मी अकरा वर्षं वाट बघितली. एका रविवारी मी घरी आले होते. आई शेजारी कोणाकडे गेली होती. बाबा अंगणात खाटेवर बसले होते, जिथे नाव असायची त्याच जागी, कारण तिथे दुपारपर्यंत ऊन असे. मी त्यांच्या पायाची नखं काढत होते. मिल त्या दिवशी बंद होती, त्यामुळे त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

“अँपिअरचा दिवा,” ते म्हणाले. “तो लागून होता ना?”

माझा हात थांबला. खोटं बोलायचं असतं तर तेही मला येत होतं, आणि त्यांना आता काहीही पडताळून पाहता आलं नसतं.

“होता,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. रागावतील असं मला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे करून माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला.

“मलेबी शंका होती वं माय. उन्हाळ्यातच होती,” ते म्हणाले. “म्हटलं डोळेच गेले का काय, नागपूरले जाव. मंग तू म्हनली वायर ढिली हाय. तुयं काम कधी चुकत नसे. म्हनून मी म्हटलं, डोळे चांगले हाय.”

त्यांचा हात डोक्यावर तसाच होता. थोड्या वेळाने त्यांनी तो काढला आणि राहिलेला दुसरा पाय माझ्यापुढे केला. मी तो मांडीवर घेतला आणि नखं काढायला लागले, हळू, लागणार नाही अशी.